हिरव्या तारेतल्या गोळ्या

बोरीवली,
७ मार्च २०२५

हरेश्वर भाऊजी,
सप्रेम जयभीम.

ही चिठ्ठी तुमच्या सुनेबरोबर, कल्पिताबरोबर पाठवते आहे. आज ती मार्केटात बसली आहे. रिकाम्या पाटीतून येईल, तेव्हा कागदाला बोंबलाचा वास लागला तर चालवून घ्या. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि नाना गेल्यापासून मलाही फोन उचलावासा वाटत नाही. दोघांनाही चिठ्ठीच बरी.

काम असं आहे. काल मी माझ्या कॅल्शियमच्या गोळ्या आणायला चंद्रप्रकाशच्या मेडिकलमध्ये गेले होते. काचेवर एक कागद चिकटवला होता. रक्तदाबाच्या एका गोळीची एक बॅच कंपनीने बाजारातून परत मागवली आहे. नाव वाचलं आणि मी तिथेच उभी राहिले. चंद्रप्रकाश म्हणाला, "काकी, नानांची गोळी हीच. मी तुम्हाला फोन केला होता, तुम्ही घेतला नाही." खरं आहे, घेतला नव्हता.

परत का मागवली, हे मी विचारलं. तो म्हणाला, तपासणीत असं दिसलं की पट्टीवर जेवढं औषध लिहिलं आहे तेवढं गोळीत नाही. विष वगैरे काही नाही, पण गोळी घेऊनही दाब उतरायचा नाही. एकाच बॅचचा दोष आहे, त्याच नावाच्या बाकीच्या गोळ्या ठीक आहेत. म्हणून पट्टीवरचा नंबर बघायचा. त्या बॅचचा नंबर शेवटी ४१७ आहे.

घरी येऊन नानांचं शेवटचं बिल काढलं. जानेवारीत गावी जायचं ठरलं होतं, म्हणून त्यांनी दोन महिन्यांच्या गोळ्या आधीच आणून ठेवल्या होत्या. बिलावर नंबर छापलेला असतो हे मला माहीत नव्हतं. तोच नंबर आहे.

त्यांचा पत्र्याचा डबा मी पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमच्या हाती दिला तो न उघडताच. त्यांच्या वस्तू ज्याला कामी येतील त्याला द्यायच्या, असं आम्ही घरात ठरवलं होतं. घड्याळ लेकीने, नीलमने नेलं, स्वेटर पुतण्याला गेले. तुमची गोळी तीच, ताकदही तीच, मग वाया कशाला घालवायची, एवढाच विचार होता.

तरी डबा उघडून नंबर बघा. ४१७ असेल तर ती घेऊ नका, पण गोळी एकदम बंदही करू नका. चंद्रप्रकाशने हे दोनदा सांगितलं. डॉक्टरांना विचारून त्याच दिवशी दुसरी सुरू करायची. आणि त्या पट्ट्या कचऱ्यात किंवा खाडीत टाकू नका, त्या दुकानात परत द्यायच्या आहेत.

आणखी एक. डब्यात गोळ्या कशा होत्या? अख्ख्या पट्ट्या होत्या की कापलेल्या? सहज विचारते.

सखुबाईंना नमस्कार.
जया

*

मनोरी,
९ मार्च

जयावहिनी,
जयभीम.

चिठ्ठी पोचली. वास नव्हता, कल्पिताने पिशवीत घालून आणली. माझ्या हातात देताना म्हणाली, "बाबा, काकींचं लव्ह लेटर." सखूने तिला पाटी फेकून मारायची बाकी ठेवली.

तुम्ही माझी अजिबात काळजी करू नका. डब्यात नानाच्या हातच्या बांधलेल्या गोळ्या होत्या. तुम्हाला त्याची सवय माहीतच आहे. पट्टी कात्रीने कापायची, एकेक गोळी वेगळी करायची आणि त्या जंपरच्या तारेने बांधून ठेवायच्या. टेलिफोन केबलच्या खड्ड्यात आम्ही जी रंगीत तार वापरायचो तीच. रिटायर होताना दोघांनी वीतभर वीतभर तुकडे खिशात घालून आणले होते. मी माझे जाळ्याला लावले, त्याने औषधाला. सगळ्या गोळ्या बांधलेल्याच होत्या, अख्खी पट्टी एकही नव्हती. त्या मी घेऊन संपवल्या. आता मालाडवरून नवीन आणतो. तब्येत एकदम झकास.

मला मात्र एक कळत नाही. गोळीत औषध कमी आहे हे कंपनीला कळलं कसं? लाखो गोळ्या असतील. चव घेतात काय? आमच्या वेळी लाइन खराब आहे हे कळायला गिऱ्हाईक ओरडायचा. इथे गिऱ्हाईक ओरडणार कसा, त्याला तर गोळी गोळीसारखीच दिसते. चंद्रप्रकाशला विचारून ठेवा.

मी आपला एक प्रयोग केला. एक गोळी बशीत पाण्यात टाकून बघत बसलो. तासभर तशीच, नदीतल्या गोट्यासारखी. सखू म्हणाली, "गोळी भिजवून काय उसळ करतंस?" दुसऱ्या दिवशी बघतो तर पीठ झालेलं. यावरून काय समजायचं ते तुम्हीच सांगा, तुम्ही शाळेच्या ऑफिसात होतात.

होळी जवळ आली. इथे लाकडं रचायला सुरुवात झाली. कल्पिता आता मंगळवारी येईल, मग सण आटोपेपर्यंत मार्केटात दिसायची नाही.

हरेश्वर

*

बोरीवली,
११ मार्च

हरेश्वर भाऊजी,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते माझ्याकडे आहे. चंद्रप्रकाश म्हणाला, सरकारी तपासनीस दुकानांतून नमुने उचलतात, कंपनीही प्रत्येक बॅचच्या थोड्या गोळ्या स्वतःकडे राखून मधूनमधून तपासते. रुग्णाला त्रास झाला आणि डॉक्टरांनी कळवलं तर त्यावरूनही तपास होतो. म्हणजे तुमचा गिऱ्हाईक ओरडू शकतो, फक्त त्याने डॉक्टरकडे जाऊन ओरडायचं. पाण्याच्या प्रयोगाला तो हसला. काही गोळ्यांवर मुद्दामच लेप असतो, त्या उशिरा विरघळतात, बशीवरून काही कळत नाही म्हणाला.

पण मला त्या बशीबद्दल दुसरंच विचारायचं आहे. नानांच्या संपल्या म्हणता, मग पाण्यात कोणती टाकलीत? नवी आणलेली असेल तर ती तपासायची गरज काय होती?

आता जे मागच्या चिठ्ठीत लिहिलं नाही ते लिहिते. डब्यात अख्ख्या पट्ट्या होत्या का, हे मी सहज विचारलं नव्हतं.

नाना गेले त्या सकाळी त्यांनी गोळी घेतली होती. मी पाणी दिलं होतं. चहाचा कप खाली ठेवला आणि तोंड एका बाजूला गेलं. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, दाब फार वाढला होता, गोळ्या नेमाने घेत नव्हते का? मी म्हणाले, एक दिवस चुकवत नव्हते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी खोटं बोलते आहे. त्या गोष्टीला आता दोन महिने झाले. तो कागद काचेवर दिसला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण खरं बोललो होतो. गोळी घेत होते, गोळीतच काही नव्हतं.

पण नवीन पट्ट्या त्यांनी उघडल्या होत्या का, हे मला माहीत नाही. गावी नेण्यासाठी वेगळ्या ठेवल्या असतील तर त्या अख्ख्या असायला हव्या होत्या. तुम्ही लिहिता, अख्खी एकही नव्हती, सगळ्या कापून बांधलेल्या होत्या. म्हणजे त्यांनी त्या कापल्या आणि त्याच घेत होते. मी रोज सकाळी हातात पाणी देत होते.

हे कुणाला सांगितलेलं नाही. नीलमला सांगितलं तर ती कंपनीशी भांडायला निघेल. मला भांडायचं नाही, फक्त कळायला हवं होतं, ते कळलं.

तुम्हीही त्याच गोळ्या घेऊन संपवल्यात. तेव्हा एकदा दाब तपासून घ्या.

जया

*

मनोरी,
१६ मार्च

वहिनी,

तुमची चिठ्ठी मंगळवारी संध्याकाळी मिळाली. वाचली आणि चार दिवस खिशात घेऊन फिरलो. मी जे लिहिलं ते खोटं होतं. तुमच्या मनाला लागू नये म्हणून लिहिलं आणि ते नको तिथेच जाऊन लागलं. आता खरं लिहितो. नीट वाचा, कारण यात तुमच्या कामाचं आहे.

डबा मी घरी आणून उघडला तेव्हा वरच बांधलेल्या पुड्या होत्या. त्याने मारलेला पीळ तुम्ही कधी निरखून बघितला आहे काय? दोन तारा एकमेकींवर घेऊन बोटाने फिरवायच्या, टोक आत दाबायचं. आमच्या अख्ख्या गँगमध्ये असा पीळ कुणाला जमत नव्हता. जोगेश्वरीच्या लेण्यांजवळच्या खड्ड्यात आम्ही गुडघाभर पाण्यात रात्रपाळीला बसायचो, सकाळी साहेब जॉइंट बघून सांगायचा, हा नानाचा आणि हा बाकीच्यांचा. तो पीळ सोडायला माझा हात धजला नाही. सोडला की गेला, परत तसा बांधणारा कोण आहे?

म्हणून त्या पुड्या मी तशाच ठेवल्या आणि खालच्या घेतल्या. खाली मेडिकलच्या कागदी पाकिटात अख्ख्या पट्ट्या होत्या, कात्री न लागलेल्या. पुण्यानुमोदनापासून मी त्याच घेत होतो. तुमची पहिली चिठ्ठी आली तेव्हा नंबर बघितला. ४१७. तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेल्या गोळ्या निघाल्या तशा. तुम्ही आधीच त्या घरात एकट्या बसलेल्या, त्यात हे ओझं कशाला, म्हणून संपल्या असं लिहिलं. बशीत टाकली ती त्यातलीच.

आता नानाचं. मी आज डबा पुन्हा पुढ्यात घेऊन बसलो. आमच्या केबलला रंगांचा एक क्रम असतो, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. झोपेत विचारलं तरी चुकायचा नाही. नानाने त्याच क्रमाने आठवड्याची एकेक पुडी बांधली आहे. डब्याच्या कोपऱ्यात निळी आणि नारिंगी तार रिकामी, सरळ करून ठेवलेली. हिरवी पुडी अर्धी. तपकिरी आणि राखाडी भरलेल्या, हात न लागलेल्या. तो हिरव्यात होता, वहिनी. तपकिरीवरही आला नव्हता, खालच्या पाकिटापर्यंत पोचणार कुठून? आणि पुडीतल्या एका तुकड्यावर पट्टीचं टोक राहिलं आहे, त्यावर नंबरचे शेवटचे आकडे दिसतात. ४१७ नाही. कल्पिताला वाचायला लावलं, तिलाही दुसराच दिसला.

म्हणजे खराब गोळ्या त्याने घेतल्याच नाहीत. त्या सगळ्या माझ्या वाट्याला आल्या.

एक सांगायचं राहिलं. होळी पेटली तेव्हा मला चक्कर आली. आमच्या पोराने, कृणालने धरलं. सगळे म्हणाले, धुराने. डोकं महिनाभर जड आहे, मला वाटत होतं नानाच्या आठवणीने. अजून तीच गोळी घेतो आहे, कारण बंद करू नका असं तुम्हीच लिहिलं होतं. सखूला यातलं काही माहीत नाही.

हरेश्वर

*

बोरीवली,
१७ मार्च, दुपार

भाऊजी,

कल्पितासमोरच चिठ्ठी वाचली. तिच्या फोनवरून सखुबाईंना सगळं सांगितलं आहे. तुम्हाला राग आला तरी चालेल.

बंद करू नका म्हणजे खराब चालू ठेवा असं नाही. औषध चालू ठेवायचं, बॅच बदलायची. डॉक्टरांनी उद्या सकाळची पहिली वेळ दिली आहे. मी दवाखान्यात उभी असेन. आज रात्री डोकं फार दुखलं, बोलताना जीभ अडखळली किंवा हातात जोर राहिला नाही, तर सकाळची वाट बघू नका, तसेच निघा आणि जवळच्या इस्पितळात जा.

नानांच्या पुड्यांतली गोळीही आपल्या मनाने घेऊ नका. डॉक्टर सांगतील ती.

डबा जसा आहे तसा आणा. पाकीट, उरलेल्या पट्ट्या, रिकाम्या पट्ट्या, सगळं. काही फेकू नका.

जया

*

मनोरी,
२३ मार्च

जयावहिनी,
जयभीम.

मंगळवारी दवाखान्यात तुम्ही बाजूला बसून होतात, पण मला ऐकू येत नाही आणि तुम्ही बोलत नाही, त्यामुळे बोलणं सगळं सखूनेच केलं. तुम्हाला ते पूर्ण कळलं की नाही शंका आहे, म्हणून लिहितो. मलाही कल्पिताने नंतर कागदावर लिहून दाखवलं.

डॉक्टरांनी दाब बघितला, पुन्हा बघितला आणि चष्मा काढला. म्हणाले, "दुसऱ्याच्या डब्यातल्या गोळ्या घेता, त्याही मला न दाखवता?" सखू म्हणाली, "दुसऱ्याच्या कशा? नानाच्या हायत." डॉक्टर म्हणाले, नाना असते तरी त्यांनी तपासल्याशिवाय दिल्या नसत्या. त्यावर सखू माझ्याकडे वळली. "मित्राचा पीळ सोडवत नाय, नि मना पांढऱ्या कपाळाची करायला निघाला!" बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावत होते. मला एक अक्षर ऐकू आलं नाही, पण तिचा हात बघून अर्थ लागला.

गोळी बदलली आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं. डॉक्टरांनी माझी चक्कर, डोकेदुखी आणि पट्टीचा नंबर वर कळवायला लिहून घेतला. मी म्हटलं, झालं, गिऱ्हाईक ओरडला.

चंद्रप्रकाशने पट्ट्या मोजून घेतल्या, तुमच्या बिलाशी नंबर ताडला आणि पोच दिली. उरलेल्यांचे पैसेही देत होता, ते तुमच्याकडे द्यायला मी सांगितलं. त्या पट्ट्या कंपनीला परत जातील. सखूने त्यालाही सोडलं नाही, "आधी का नाय सांगितलंस?" तो बिचारा म्हणाला, "मावशी, नाव काकांचं लिहिलेलं, फोन काकींचा. गोळी मनोरीला गेली हे मला कोण सांगणार?" ते मात्र तिला पटलं. मीही विचार करतो आहे. औषध ज्याच्या नावाने निघालं त्याला शोधता येतं. पुढे हातोहात गेलं की गेलं.

आता डोकं हलकं आहे. काल होडीवर जाऊन बसलो होतो, पाण्यात उतरू देत नाहीत.

एक विचारू? डॉक्टरांच्या टेबलावर तुम्ही डबा ठेवलात, पण उघडला मीच. तुम्ही खिडकीकडे बघत होतात. निघताना मी तो तुमच्या पिशवीत ठेवला. तो उघडलात काय?

आणि नर्सने तुमच्या दंडालाही पट्टा बांधला होता. काय निघालं?

हरेश्वर

*

बोरीवली,
२६ मार्च

हरेश्वर भाऊजी,
सप्रेम जयभीम.

सखुबाईंचं बोलणं मला पूर्ण कळलं. बऱ्याच दिवसांनी हसू आलं, म्हणून खिडकीकडे बघत होते.

डबा काल उघडला. आधी वाटलं होतं, औषधाचा वास येईल. आला तो त्यांच्या हत्यारांच्या पेटीसारखा, मेणाचा आणि रबराचा. निळी आणि नारिंगी तार तुम्ही लिहिली तशीच कोपऱ्यात होती. चाळीस वर्षं हे तुकडे घरात सापडायचे. उशीखाली, गव्हाच्या डब्यात, धुण्याच्या कपड्यांतून. मी केरात काढायचे आणि ते पुन्हा उचलून ठेवायचे. रंगांना क्रम असतो हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं ते सगळं तुम्हालाच विचारावं लागणार.

मंगळवारी तुम्ही औषध घ्यायला गेलात तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, मग नाना का गेले? ते म्हणाले, गोळी चांगली असूनही कधी कधी दाब चढतो, का चढला ते आता सांगता यायचं नाही. एवढं नक्की, की त्यांनी गोळी चुकवली नव्हती आणि ती त्या बॅचची नव्हती. हिरवी पुडी डॉक्टरांनी स्वतः हातात घेऊन बघितली. ज्या डॉक्टरांनी माझ्याकडे तसं बघितलं होतं ते हे नव्हते, तरी मला बरं वाटलं. मी दिलेल्या पाण्याबरोबर जे गेलं ते औषधच होतं.

तपकिरी आणि राखाडी पुडी मी सोडली. पीळ सैल करताना हात थांबला, पण गोळ्या ठेवून काय करायचं? त्या चंद्रप्रकाशकडे नष्ट करायला दिल्या. हिरवीतल्याही दिल्या. तार तेवढी तशीच गोल राहिली आहे, त्यांच्या बोटाएवढी.

माझाही दाब वाढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, बरेच दिवसांचा असेल, तुम्ही तपासलाच नाहीत. गोळी लिहून दिली आहे. तुमची नाही, नानांचीही नाही, वेगळीच. नंबर बघून घेतला, बिल डब्यात ठेवलं आहे. पट्टी मी कापणार नाही, कापली की नंबर जातो. एकेका आठवड्याची पट्टी अख्खीच ठेवली आणि तिच्याभोवती तार गुंडाळली. पहिल्या आठवड्याला निळी.

पण पीळ बसत नाही. टोक सुटून वर येतं. दोन तारा एकमेकींवर घेतल्यावर बोट आपल्याकडे फिरवायचं की बाहेर? पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा करून दाखवा. तुम्हाला त्यांच्यासारखा जमत नाही हे मला माहीत आहे. जेवढा जमतो तेवढा दाखवा.

जया